पायथ्याची फरशी

(हिंगणघाटचं ख्रिस्ती कब्रस्तान. शनिवारची सकाळ. उज्वलाबाई नवऱ्याच्या कबरीचं बांधकाम पाहायला आल्या आहेत. अल्लीपूरचा गवंडी तानबा थापी धुतो आहे.)

उज्वला : तानबाभाऊ, ही पायथ्याची फरशी हालून राह्यली. इथं माल भरला नाई का?

तानबा : नाई भरला.

उज्वला : सिमेंट संपलं?

तानबा : घमेलंभर माल पडला हाये. मुद्दाम सोडली.

उज्वला : मुद्दाम? काऊन?

तानबा : तुमीच तं लिवाले लावलं ना दगडावर. 'बाबाराव मास्तर. पुन्हा उठतील.' मी म्हनलं, उठनारा मानूस बाहीर येईन कुठून? चारी बाजूनं पॅक केलं तं मास्तर अंदरच अडकतीन. वीस वर्सं झाले घरं बांधून राह्यलो वहिनी, बिना दरवाजाचं एकबी नाई बांधलं. हसू नका! चुकलं का माह्यं?

उज्वला : नाई हो भाऊ. चार महिन्यांत आज पहिल्यांदा हसली मी. पण देवाले फरशीचा काय अडथळा? येशूच्या कबरीवर केवढा मोठा धोंडा होता, तोही सरकला.

तानबा : पन सरकवा तं लागलाच ना!

उज्वला : हो. तो लागला.

तानबा : एक इचारू? मास्तर उठतीन असं तुमाले खरंच वाटते, का दगडावर लिवाचं असते म्हनून लिवलं?

उज्वला : वाटते. चर्चमध्ये सगळ्यांसंगं म्हणतो तेव्हा पक्कं वाटते. घरी एकटी जेवाले बसते तेव्हा, खरं सांगू, कमी वाटते.

तानबा : मास्तरले पुरं वाटे. दर आयतवारी लुना घेऊन आमच्या गावात हजर. हिरालालच्या ओसरीत पाच-सहा जनाले वाचाले शिकवत, येशूचं सांगत. मी एकडाव म्हनलं, मास्तर, रिटायर झाले, आता काऊन एवढी धावपय? तं म्हने, "मरन हे शेवटचं नाई, अशी खबर भेटली मले. अशी खबर खिशात ठेवून घरी बसवते का कोनाले?"

उज्वला : असं म्हणले? मले कधी नाई बोलले.

तानबा : माहा बुडा बाप मरनाले लय भेत होता. शेवटच्या रात्री त्याचा हात धरून मास्तरच बसलते. त्या दिवसापासून माह्या डोक्यात हेच हाये, या मानसाले एवढी खातरी आली कुठून?

उज्वला : ओसरी आता बंद पडली असन.

तानबा : कायची बंद? हिरालाल दर आयतवारी चटई टाकते. शिकनाऱ्यातली अंकिता पुस्तक उघडते, अर्ध्या पानावर अडकते. पुढचं सांगनारं कोनी नाई. जराशीक बसतेत, मंग चटई गुंडायतेत.

उज्वला : अजून बसतात?

तानबा : तुमाले नाई येत का शिकवाले?

उज्वला : येते. त्यांचे पाठ पंचवीस वर्षं मीच लिहून देत होती.

तानबा : मंग?

उज्वला : त्यांच्या जागेवर बसलं की ते गेले, हे पक्कं होते भाऊ. म्हणून नाई गेली.

तानबा : हे काही समजलं नाई मले. तुमीच म्हनता ते उठनार. उठल्यावर पयले काय इचारतीन?

उज्वला : पहिले? पहिले विचारतीन, अंकिता कुठवर वाचते.

तानबा : अन् तुमी काय सांगसान?

उज्वला : (पदरानं दगडावरची धूळ पुसत) अर्ध्या पानावर अडकली, असंच सांगावं लागन.

तानबा : मी आपलं सहज इचारलं, वहिनी.

उज्वला : अल्लीपूरची एसटी सकाळी कितीले निघते?

तानबा : नऊले. हिरालालले सांगतो, उद्या चटई मोठी टाकजो.

उज्वला : मोठी कशाले?

तानबा : मीबी बसीन ना. मास्तरचं अर्धंच आयकलं मी. बरं, ह्या फरशीचं बोला. माल सुकून राह्यला. भरू का?

उज्वला : राहू द्या तशीच.