पाण्याला वाट असलेला लॅपटॉप

दुरुस्तीच्या दुकानात मी थांबले होते. माझ्यापुढे एक सासरे आणि त्यांची सून उभी होती. दुरुस्तीवाल्या बाईंनी त्यांचा काळा, जाडजूड लॅपटॉप आणून काउंटरवर ठेवला.

"झाला सुरू. तुमचं सगळं काम जागच्या जागी आहे."

"खरंच? पुलाची ड्रॉइंग होती हो त्यात, उद्या द्यायची आहेत. बाबा, ऐकलंत ना?"

"ऐकलं. पण बाई, माझ्या हातून अख्खा पेला सांडला होता त्यावर."

"कामासाठीच बनवलेलं मशीन आहे हे, आजोबा. कीबोर्डखाली पन्हळ असते, पाणी खालच्या भोकांतून निघून जातं. नुसता कीबोर्ड गेला होता. तो सुटा मिळतो, स्क्रू काढून बदलला."

"आणि आमच्या चिरंजीवांचा तो पातळ, चकचकीत?"

"तो घरगुती वापराचा. त्यात बहुतेक सगळं चिकटवलेलं असतं. त्यावर पेला सांडला असता, तर मी आत्ता तुमची नजर चुकवत बोलले असते."

"आणि मी हिला म्हणालो होतो, हा पाटा कशाला उचलून आणलास!"

"जाऊ द्या हो, बाबा. जीव भांड्यात पडला माझा."

"कालपासून एक शब्द बोलली नाहीस माझ्याशी."

"तोंड उघडलं असतं तर रडूच फुटलं असतं."

"घरी गेल्यावर माझी खुर्ची तुझ्या टेबलापासून लांब हलवतो."

"मुळीच नाही! तुम्हाला झाकणाची बाटली घेऊ. तुम्ही शेजारी पेपर वाचत बसला नाहीत, तर माझी एक रेघ धड येत नाही."