ओलांडायचं नाही ते कापड

मनिलाच्या कलामेळ्यात एका कापडावरून चालायला ही मोठी रांग लागली होती. डोंगरातून आलेली सुबिन म्हातारीही त्या रांगेत उभी होती. "मावशी, तुझं कापड मांडलंय," एवढंच सांगून भाचीनं तिला आणलं होतं. तिच्या पुढे दोन बायका होत्या.

"बेबेट, पाटी वाचलीस? हे कापड ओलांडलं की माणूस आजारी पडतो म्हणे, ते विणणाऱ्या डोंगरातल्या लोकांत."

"म्हणून तर मजा आहे, चारो! भिंतीवर टांगलं असतं तर कोण कुत्रं आलं असतं?"

"चार चार महिने विणतात. मांजरालासुद्धा वरून जाऊ देत नाहीत."

"आणि नक्षी म्हणे स्वप्नात दिसते. किती गोड ना?"

"कुणाच्या स्वप्नात? नाव नाही दिलेलं."

"कलाकाराचं आहे की, राफाचं! शोध त्यानं लावला. त्याच्याआधी कोण विचारत होतं त्या लोकांना?"

"तरी मेलं धस्स होतंय."

"काही होत नाही गं. काल मी दोनदा चालले. उलट माझी सर्दी पळाली."

दोघी चपला काढून, खिदळत, पार टोकापर्यंत चालत गेल्या.

सुबिनचा नंबर आला. काळ्यावर तांबडी, तिचीच नक्षी होती, आणि तिच्यावर टाचांचे मळकट डाग पडले होते. ती गुडघ्यांवर बसली आणि बाहीनं एक डाग पुसू लागली.

"ओ आजी!" रखवालदार धावत आला. "हात लावायचा नाही. फक्त चालायचं."