स्वतःचा अर्ज

सुनीता: थांबा जरा. ‘घरात मिळवता मी एकटाच असून’? मग मी शाळेत काय माश्या मारते?

कृष्णकांत: अगं, ते असतंच. पुढे वाच.

सुनीता: असतंच म्हणजे?

कृष्णकांत: प्रत्येक अर्जात असतं. परिस्थिती सांगावी लागते. साहेबाचं मन जरा मऊ व्हायला नको?

सुनीता: ‘वृद्ध आईवडिलांचा भार शिरावर आहे.’ अहो, आई जाऊन आठ वर्षं झाली! नाना तर आपल्या लग्नाआधीच गेले.

कृष्णकांत: ते काढतो हवं तर.

सुनीता: ‘पदरी लहान लहान मुले आहेत.’ आपली एकुलती एक अनुया इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला दाखवू का हे? पुण्याहून भांडायला येईल.

कृष्णकांत: हात बसलाय गं. बावीस वर्षं कचेरीसमोर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहितोय. पेन टेकवलं की ‘अर्जदार गरीब असून’ आपोआप उतरतं. मी लिहीत नाही, हातच लिहितो.

सुनीता: पण हा रेशनकार्डाचा अर्ज नाही. कायद्याच्या कॉलेजात प्रवेश घ्यायचाय तुम्हाला. हे पत्रक बघा. ‘चाळिशी ओलांडलेल्या उमेदवारांनी आपण कोण, आजवर काय केले आणि या वयात कायदा का शिकू इच्छिता, हे स्वहस्ताक्षरात दोन पानांत लिहावे.’ त्यांनी विचारलंय ‘का’. तुम्ही लिहिलंय ‘तरी मेहेरबानांनी दया करून’.

कृष्णकांत: दया वाईट असते का?

सुनीता: वाईट नसते. पण मला तुमचा अभिमान वाटतो हो. चार वर्षं माझ्या वह्या बाजूला सारून त्या टेबलावर अभ्यासाला बसलात, बाहेरून बी.ए. झालात. गल्लीतल्या बायकांना मी किती वेळा सांगितलं असेल, मलाच माहीत. आणि हा कागद वाचून मला तुमची कीव येतेय. हा माणूस माझा नवरा नाहीच.

कृष्णकांत: तू लिहून दे ना मग. मराठीच्या बाई तुम्ही.

सुनीता: वा! सबंध पनवेल तालुक्याचे अर्ज लिहिणारे कृष्णकांत, आणि त्यांचा अर्ज बायको लिहिणार? शिवाय अक्षर तुमचंच हवंय. बसा. मी विचारते, तुम्ही सांगा. कायदा का शिकायचाय?

कृष्णकांत: ज्ञानाची आवड आहे म्हणून.

सुनीता: चौथी ‘ब’ची मुलं लिहितात असं. खरं सांगा.

कृष्णकांत: समाजाची सेवा करावी म्हणून.

सुनीता: हे चौथी ‘अ’.

कृष्णकांत: सुनीता, मी म्हणतो राहू दे. चव्वेचाळिसावं चालू आहे. वर्गात अनुयाच्या वयाची पोरं असणार. पहाटेची एस.टी. धरून मुंबईला जायचं, सकाळचे तास करून अकराला परत इथे टेबलावर यायचं. जमेल का मला?

सुनीता: न जमायला काय झालं? पहाटे चारला उठून अभ्यास केलात तेव्हा मी चहा करून दिलाच ना? हे कारण नाही तुमचं. दोन वर्षं म्हणताय कायदा शिकायचा, आणि का ते विचारलं की नजर चुकवता.

कृष्णकांत: कारण आहे. पण कागदावर घालण्यासारखं नाही.

सुनीता: मला सांगण्यासारखं?

कृष्णकांत: वीस वर्षांच्या संसारात नाही सांगितलं ते.

सुनीता: उद्या पाचच्या आत कागद कॉलेजात पोचायला हवा. आता कधी सांगणार?

(दारात टोपली टेकल्याचा आवाज.)

ठमाबाई: कृष्णाभाऊ हायेत का घरी? आज रविवार, कचेरी बंद. म्हनून घरीच आले.

सुनीता: या, ठमाबाई. आत या, पंख्याखाली बसा. नेऱ्याहून चालत आलात?

ठमाबाई: नेऱ्यापर्यंत डोंगर उतरून चालत, तिथनं टेम्पोत. जांभळं विकली बाजारात. ही तुमची. वरची नका खाऊ, ती दबलीत. खालची चांगली हायेत.

कृष्णकांत: कागद आणलाय का काही?

ठमाबाई: ह्यो. नातीच्या शाळंचा हाय म्हनं. वाडीत एकजन म्हनतो दिपाला काढून टाकली, दुसरा म्हनतो नाय. म्हनलं, भाऊ वाचतील तवाच खरं.

कृष्णकांत: बघू. ‘पालकांस कळविण्यात येते की आश्रमशाळा सोमवार दिनांक सतरा जून रोजी सुरू होत आहे. पाल्यास आदल्या दिवशी सायंकाळपर्यंत आणून सोडावे. सोबत अंथरूण-पांघरूण आणि दोन जोडी कपडे द्यावेत.’ बस, एवढंच. काढून टाकलेलं नाही. पुन्हा वाचतो, नीट ऐका. ‘पालकांस कळविण्यात येते...’

ठमाबाई: कळलं, कळलं. पन वाचा.

कृष्णकांत: ‘...दोन जोडी कपडे द्यावेत.’ खाली मुख्याध्यापकांची सही. काही राहिलं नाही. येत्या रविवारी संध्याकाळी सोडायची.

ठमाबाई: देवा! दोन रात्री झोपले नाय मी. बरं झालं. आनि तुमी दोगं भांडत का व्हता? पार रस्त्यावर ऐकू येत व्हतं.

सुनीता: भांडत नव्हतो. यांना वकिलीचं शिकायचंय. कॉलेजवाले विचारतात, या वयात का शिकता? तर यांना स्वतःचा अर्ज लिहिता येईना.

ठमाबाई: भाऊंना? लिवता येत नाय?

सुनीता: बघा ना.

ठमाबाई: मंग इचारा त्यांना, ते आमाला इचारतात तसं. मला पाठ हाय. सरळ बसा, भाऊ. नाव काय?

कृष्णकांत: ठमाबाई, अहो...

ठमाबाई: आमी असं केलं की तुमी वरडता, ‘मुद्द्याचं बोला’. नाव?

कृष्णकांत: कृष्णकांत.

ठमाबाई: वय?

कृष्णकांत: त्रेचाळीस पूर्ण.

ठमाबाई: काय पायजे?

कृष्णकांत: कायद्याच्या वर्गात जागा.

ठमाबाई: कशापायी पायजे? आनि रडू नका, खरं काय ते सांगा, लिवायचं कसं ते मी बगतो. असंच म्हनता ना तुमी?

सुनीता: अगदी हुबेहूब! हसू नका, उत्तर द्या.

कृष्णकांत: तुमच्यासमोर नाही सांगता येणार, ठमाबाई. कुणासमोरही सांगेन, तुमच्यासमोर नाही.

ठमाबाई: का? मी काय साहेब हाय?

कृष्णकांत: कारण त्यात तुमचा बुधाजी आहे.

सुनीता: यांचे मालक? त्यांचा काय संबंध?

कृष्णकांत: सांगतो. आता सांगितलंच पाहिजे. एकोणसत्तर साल. मी एकवीस वर्षांचा, कचेरीसमोर बसायला लागून महिनाही झाला नव्हता. एका शेठचा कारभारी बुधाजीला घेऊन आला. मोठं गिऱ्हाईक, मी हुरळलो. तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. ‘डोंगराकडील जमिनीचा ताबा मी राजीखुशीने सोडीत आहे.’ लिहून झालं, अन् बुधाजीने मला विचारलं, ‘पोरा, यात हिरीचं लिवलंस ना?’ त्याला विहिरीचा अर्ज म्हणून आणलं होतं.

सुनीता: मग तुम्ही काय म्हणालात?

कृष्णकांत: कारभारीच म्हणाला, ‘लिहिलंय, लिहिलंय.’ मी मान खाली घालून शाईवर फुंकर मारत बसलो. त्याने अंगठा लावला, मला हात जोडले आणि गेला. त्यांची नाचणीची जमीन गेली, सुनीता. त्यानंतर बुधाजी मरेपर्यंत वीटभट्टीवर राबला. आणि मी ठमाबाईंकडून दर साली जांभळं घेतोय. लाज वाटते मला. प्रत्येक द्रोणाला वाटते.

सुनीता: अहो... एवढं मनात ठेवून राहिलात?

कृष्णकांत: ठमाबाई, काहीतरी बोला. शिव्या द्या हवं तर.

ठमाबाई: काय बोलू? मला म्हाईत हाय.

कृष्णकांत: काय माहीत आहे?

ठमाबाई: तो कागद तुमी लिवला ते. बुधाजीनं तुमाला वळखलं व्हतं.

कृष्णकांत: कधी?

ठमाबाई: जमीन गेल्यावर दोन सालांनी आलो आमी, घराखालच्या जागंचा अर्ज कराया. तुमी लिवलं, आनि सगळा कागद वाचून दावला. मंग परत वाचला. बुधाजी डबीत अंगठा बुडवाया गेला, तर तुमी त्याचा हात धरला. म्हनलात, ‘थांब, कळलं का ते मला सांग आदी.’ घाम आला व्हता तुमाला. वाटेत बुधाजी म्हनला, ‘ह्योच तो पोरगा.’

कृष्णकांत: आणि तरी माझ्याकडेच येत राहिलात? कचेरीसमोर आम्ही सहाजण बसतो.

ठमाबाई: मी पन तेच म्हनले. लई रागावले. म्हनले, त्याच्याकडं कशाला परत? तर बुधाजी म्हनला, ‘बाकीचे वाचून दावत नाय. ह्यो वाचतो. ह्याला लाज वाटली, ह्याच्याकडंच जायाचं.’ तवापासनं आमची आख्खी वाडी तुमच्याकडं येते. दुसरं काय कारन? तुमचं अक्षर का आमाला कळतंय?

सुनीता: म्हणून तुम्ही प्रत्येकाला दोनदा वाचून दाखवता. मला वाटायचं, तुमचा स्वभावच चिकट.

कृष्णकांत: वाचून दाखवतो गं. पण तेवढंच येतं मला. तो कागद कायद्यात टिकणारा होता का? अंगठा फसवून घेतला, तर जमीन परत मागता येते का? मला आजही सांगता येत नाही. कागद लिहिता येतो, पण तो कागद माणसाचं पुढे काय करील हे कळत नाही. ते कळून घ्यायचंय. म्हणून शिकायचंय.

सुनीता: लिहा.

कृष्णकांत: काय?

सुनीता: आत्ता बोललात ते. शब्दही बदलू नका. हा घ्या नवा कागद. आणि तो मेहेरबान साहेब इकडे द्या, मी जांभळाच्या बिया टाकते त्यात.

कृष्णकांत: कॉलेजवाले म्हणतील, खोटा कागद लिहिणारा माणूस वकील व्हायला निघालाय. दारातूनच घालवतील.

सुनीता: घालवू देत. निदान घालवलेला माणूस तुम्ही तरी असाल. आईवडिलांचा भार शिरावर असलेला कुणी भलताच नको.

ठमाबाई: लिवा, भाऊ. मी बसते. दुपारच्याला टेम्पो हाय मला.

सुनीता: मी चहा टाकते. तुम्ही लिहीत राहा.

कृष्णकांत: ठमाबाई, एक विचारू? बुधाजीचं नाव घालू का यात? नको असेल तर ‘एक गृहस्थ’ लिहितो.

ठमाबाई: गिरस्त कशाला? नाव घाला. चांगल्या कागदावर कदी आलंच नाय त्याचं नाव.

कृष्णकांत: घालतो.

ठमाबाई: आनि शिकलात की तो कागद काढून बगा. मिळल, नाय मिळल. पन बगा.

कृष्णकांत: पहिला तोच बघेन. शब्द देतो.

सुनीता: हा घ्या चहा. किती झालं?

कृष्णकांत: दीड पान. खाडाखोड झालीय थोडी.

सुनीता: असू दे. ‘सबब’ कुठे दिसत नाही, हेच पुष्कळ. डोळे पुसा, शाई फुटेल. वाचा आता मोठ्याने.

कृष्णकांत: ‘माझे नाव कृष्णकांत. गेली बावीस वर्षे मी पनवेलच्या कचेरीसमोर लोकांचे अर्ज लिहितो. पहिल्याच महिन्यात मी नेऱ्याच्या वरच्या वाडीतील बुधाजी यांचा अंगठा एका कागदावर घेतला. तो कागद मी त्यांना वाचून दाखवला नाही...’

ठमाबाई: हां. सावकास. सगळं वाचा.

कृष्णकांत: ‘...म्हणून मला कायदा शिकायचा आहे.’ झालं. पुन्हा वाचू?

ठमाबाई: वाचा की. तुमचा नेम मोडू नका.

कृष्णकांत: ‘माझे नाव कृष्णकांत...’

सुनीता: मला नाही सुचलं असतं असं. खरंच. आता सही करा.

कृष्णकांत: केली. पाकीट दे.

ठमाबाई: थांबा. अंगठ्याची डबी कुठं हाय तुमची?

कृष्णकांत: पिशवीत आहे. कशाला?

ठमाबाई: साक्षीला कोन हाय मंग? तुमच्या सगळ्या कागदावर साक्षीदार लागतो. बुधाजी नाय, मी हाय.

कृष्णकांत: अहो, कॉलेजच्या कागदावर साक्षीदार नसतो. ते हसतील, ठमाबाई.

ठमाबाई: हसू द्या. त्याचा अंगठा न वाचता घेतलात, भाऊ. माजा वाचून घ्या.