पुसलेल्या खुणा

आजी : आवाज चढवू नकोस. पुसायला मी सांगितलं, आणि पुसलं माझ्या जावयाने. झालं समाधान?

चित्रकार : आवाज चढवायलाही त्राण नाही, आजी. काल दिवसभर क्रेनच्या पाळण्यात उभी राहून काढलं होतं मी ते.

आजी : काय काढलं होतंस? मासा, छत्री, आकडे, वेटोळी! एवढा गचाळपणा मी माझ्या भिंतीवर कधी खपवून घेतलेला नाही. मला वाटलं, कुणी टवाळ पोरं येऊन डबे रिकामे करून गेली.

जावई : मी म्हणत होतो, आई, यांना आधी विचारू या...

आजी : म्हणत होता, आणि म्हणता म्हणता पांढऱ्या रंगाचा डबा उघडत होता.

चित्रकार : त्या खुणा होत्या. एवढ्या उंच भिंतीला नाक लावून उभं राहिलं की चेहऱ्यातलं काय कुठे येणार, काही कळत नाही. म्हणून आधी भिंतभर मनाला येईल ते खरडायचं, समोरून फोटो काढायचा, आणि फोनमध्ये त्या फोटोवर चित्र ठेवून बघायचं. मग कळतं, माशाच्या शेपटीपाशी नाक, छत्रीच्या टोकाला भुवई. देशोदेशी भिंती रंगवणारे कितीतरी जण असंच करतात.

जावई : पण फोटो आहे ना तुमच्याकडे?

चित्रकार : आहे, दादा. फोटोत मासा आहे. भिंतीवर कुठे आहे?

आजी : मग पुन्हा खरड.

चित्रकार : खांदा वर जात नाही. सकाळी केससुद्धा धड विंचरता आले नाहीत. क्रेन परवा परत जाते. आज पुन्हा खुणा करत बसले, तर रंगवायला खांदा उरणार नाही. मी सामान बांधते. गल्लीतल्यांना सांगा, जमलं नाही.

आजी : काय सांगू? हे होते तोवर निम्म्या गल्लीच्या किल्ल्या ह्यांनीच घासून दिल्या. भिंतीवर चेहरा हवा तर किल्लीवाल्याचाच, असं सगळ्यांनी एकमुखाने ठरवलं. त्यांना सांगू, की बायकोनेच पुसला?

जावई : आई, त्या खरंच दमल्यात हो.

आजी : मीही दमले आहे. दमण्याचा मक्ता काय हिने एकटीने घेतलाय? मुली, खुणा तुझ्याच हातच्या लागतात?

चित्रकार : नाही. कुणाच्याही चालतात. फक्त एकीसारखी दुसरी नको.

आजी : जावईबापू, चढा.

जावई : मी? मला उंचावर गरगरतं, आई.

आजी : पुसताना नाही गरगरलं?

जावई : पुसताना तुम्ही खाली उभ्या होतात.

आजी : आताही मी खालीच आहे.

(पाळणा कुरकुरत वर जातो.)

जावई : काय काढू?

आजी : किल्ली काढा. मग कुलूप. मग चष्मा... हा चष्मा आहे की सायकल?

चित्रकार : असू द्या, आजी. मला दोन्ही चालतं.

आजी : लोक हसतील.

चित्रकार : कुणी बघणारच नाही. उद्या यावर रंग बसला, की खालचं खालीच राहतं.

आजी : अक्षरं काढली तरी?

चित्रकार : अक्षरं काढली तरी.

आजी : ...ह्यांचे कान कुठे येतात गं?

चित्रकार : उजवा त्या पाइपाशेजारी. डावा दुसऱ्या मजल्यावरच्या खिडकीला लागून.

आजी : ती माझी खोली. किल्ल्या घासायच्या मशीनपुढे बसून बसून कान गेले होते ह्यांचे. मी त्या खोलीतून बोलायचे, ते सगळ्या गल्लीला ऐकू जायचं. ह्यांना तेवढं नाही.

जावई : आई, खिडकीपाशी पोचलो! इथे काय लिहू?

आजी : तिथे तुम्ही काही लिहू नका. ब्रश आणि डबा खिडकीत ठेवा, आणि खाली या. मी वर जाते.