कोळशाची उडी

नाही हो काकू, मोतीबिंदू नाही. मोतीबिंदू असता तर मी आत्ता तुमच्याशी साड्यांच्या गप्पा मारत बसले असते. तुमच्या काकांचं काय, थोड्या वेळात काळा चष्मा लावून रुबाबात बाहेर येतील, आणि उद्यापासून भाजीतला केसही त्यांना लांबून दिसेल — मग बघा तुमचे हाल! हसलात, बरं झालं. मघापासून दोघी त्या दरवाजाकडेच बघतोय, जसं काही तोच बोलणार आहे. माझी मोठी आहे आत. मोठी म्हणजे केवढी, एवढीशी — तीन पूर्ण होऊन चौथं लागलंय. भूल देऊन डोळे तपासतायत. जागेपणी तपासू देईल ती? मागच्या वेळी डॉक्टरीणबाईंच्या हाताला चावली. आजीवर गेलीय, म्हणजे माझ्या सासूबाईंवर, त्याही — जाऊ दे. डाव्या डोळ्यात आत गाठ आहे तिच्या. अगदी आत, मागच्या पडद्यावर. बाहेरून काही म्हणजे काही नाही, बाहेरून असे टपोरे डोळे की रस्त्यातल्या बायका थांबून गाल ओढतात. डोळा ठेवता येईल की काढावा लागेल, ते आज बघून सांगणार. हो, काढावा. म्हणाले बघा मी तो शब्द. घरात कुणी म्हणत नाही, घरात सगळे 'तपासणी' म्हणतात. आणि हा धाकटा. झोपलाय कसा मुठी आवळून, भांडायला निघाल्यासारखा. त्याला आणलं कारण अंगावर पितो ना, घरी कोण सांभाळणार. म्हणून आणलं. म्हणूनच.

कळलं कसं? एका दगडामुळे कळलं असं म्हटलं तर तुम्ही म्हणाल, बाईला झोप नाही, डोक्यावर परिणाम झालाय. झोप नाही हे खरंच. पण दगडाचंही खरं. मी त्या टेकडीवरच्या वेधशाळेत कामाला आहे — पांढरा घुमट दिसतो ना वळणावरून, तिथे. छे छे, शास्त्रज्ञ कसली, सातवी शिकलेली मी! तिकिटं फाडायची, झाडू मारायचा, काचा पुसायच्या, आणि शाळेच्या सहली आल्या की पोरांना रांगेत धरायचं. माहिती सांगायला एक दादा आहे, त्याला आम्ही पोपट म्हणतो — तोंडावर म्हणतो, त्याला राग नाही येत. रोज तेच, त्याच शब्दांत, खोकणार तेही ठरलेल्या जागी. ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. कांदा चिरताना आपलं तोंडातून निघून जातं, 'मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात लाखो लघुग्रह' — की आमचे हे स्वयंपाकघरात डोकावून बघतात, बाई ठीक आहे ना म्हणून.

तर त्या पट्ट्यातला एक मोठा दगड आमच्या वेधशाळेतून सापडला, त्याचीच आमची सगळी मिजास. दगड म्हटलं की पोपट रागावतो, लघुग्रह म्हणायचं. त्याला पुस्तकातलं नाव आहे, नंबर आहे, पण आम्ही झाडूवाले-तिकिटवाले त्याला कोळसा म्हणतो. कारण काळा — नुसता काळा नाही हो, त्याच्यावर ऊन पडलं की तो जवळजवळ सगळं गिळून टाकतो, परत पाठवतो ते कणभर. आणि आकाराने केवढा, तर या टोकाला आगगाडीत बसलात तर त्या टोकाला उतरेपर्यंत जेवणाचा डबा उघडावा लागेल. नीट गोलही नाही, बटाट्यासारखा. पोपट खिशातून खरंच बटाटा काढून दाखवतो, तोच एक बटाटा, त्याला मोड येईपर्यंत. स्वतःभोवती गिरक्या घेत घेत सूर्याभोवती हिंडतो, आणि एका फेरीला पाच-सहा वर्षं लावतो. 'पहिलीतल्या मुलांनो, त्याची एक फेरी होईल तोवर तुम्ही सातवीत गेलेले असाल' — आणि मी मागे उभी राहून मनात म्हणते, हो, आणि संपली शाळा. तर एवढा मोठा, काकू, आणि कुणाला दिसला नाही. त्याच्याहून लहान कितीतरी आधी सापडले, ते उजळ होते म्हणून. हा मोठा असून राहून गेला. होता ना! कुठे गेला नव्हता, माणसं जन्मायच्या आधीपासून तिथेच फिरत होता. ज्याने शोधला त्यालाही तो नकोच होता, तो आपला दुसराच एक हरवलेला लघुग्रह शोधत होता, आणि हा मध्ये आला.

थांबा, तो कसा सापडला ते सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. पूर्वी आकाशाचे फोटो काचेवर काढायचे. काचेवर सगळं उलटं, आकाश पांढरं आणि तारे काळे, मोहरी सांडल्यासारखे. एकाच जागेचा फोटो आज काढायचा, पुन्हा दोन-तीन दिवसांनी काढायचा, आणि दोन्ही काचा यंत्रात शेजारी-शेजारी लावायच्या. बघायला भिंग एकच. बाजूला दांडी. दांडी इकडे केली की ही काच दिसते — टक — तिकडे केली की ती. टक, टक. तारे सगळे जागच्या जागी, ढिम्म. आणि एकच ठिपका उडी मारतो. इथे, तिथे. इथे, तिथे. तो आपला कोळसा. ते यंत्र पोरांना बघायला ठेवलंय, मी एकेकाला स्टुलावर चढवते आणि पडू नये म्हणून पोटाशी धरून ठेवते. आणि एक गंमत आहे बघा. ज्याला उडी दिसत नाही ना, तो ओरडतो — 'दिसली, दिसली!' — मागच्यांनी हसू नये म्हणून. आणि ज्याला खरंच दिसते तो गप्प होतो. एकदम. श्वास धरतो, माझ्या हाताखाली पोट थांबतं त्याचं, आणि दांडी मागे घेतो. पुन्हा बघायला. कधी म्हणजे कधी चुकत नाही हे.

मला स्वतःला कितीतरी दिवस दिसत नव्हती, मीही म्हणायचे दिसली दिसली. मग एकदा भिंग पुसून झाल्यावर सहज डोळा लावला, दांडी हलवली, आणि — काटा आला हो अंगावर. होतं काय, एक ठिपका. पण बाकी सगळं आकाश खिळे ठोकल्यासारखं, आणि तो एकटा हललेला. त्यानंतर माझे डोळे तसेच झाले. घरात शिरले की आधी बघायचे, कालच्यापेक्षा काय हललंय? वाटी, चप्पल, पोरीच्या गुडघ्यावरचं खरचटलेलं. त्या शोधणाऱ्या साहेबांचा फोटो आहे दारातच. फोटोत सगळे समोर बघतात, हे साहेब बाजूला बघतात. आम्ही चेष्टा करायचो — साहेबांना कोपऱ्यात काहीतरी हललेलं दिसलं वाटतं! आता मी त्या फोटोची काच मान खाली घालून पुसते.

मग पोरीचा वाढदिवस आला. दिवे मालवले, मेणबत्ती लावली, तिने फुंकली — फुंकर कमी, थुंकीच जास्त — आणि ह्यांनी मोबाइलवर लागोपाठ दोन फोटो काढले, चमक पडते ना, तसे. दुसऱ्या दिवशी बसमध्ये बसून मी ते बघत होते. उगाच, कौतुकाने. अंगठ्याने पुढचा, मागचा. पुढचा, मागचा. सगळं जागच्या जागी. केक, सासूबाईंचा हात, भिंतीवरचं घड्याळ. पोरीने मान इतकुशी वळवलेली, बस. डोळे लाल, चमकेने होतात तसे. आणि दुसऱ्या फोटोत एक डोळा लाल नाही. पांढरा. रस्त्यात मांजराच्या डोळ्यावर गाडीचा दिवा पडतो ना, तसा. काकू, बसमध्ये केवढा गोंगाट होता, मला काही ऐकू येईना. आणि अंगठा मागे गेला माझा, आपला आपणच. तिकडे पांढऱ्यात काळा, इकडे काळ्यात पांढरा. टक. टक.

ह्यांना दाखवला तर म्हणाले, मोबाइल स्वस्तातला आहे. सासूबाई म्हणाल्या, 'सोन्यासारख्या पोरीत खोड काढतेस? त्या घुमटात जाऊन जाऊन तुला सगळीकडे ठिपके दिसायला लागलेत.' म्हटलं, आई, नसेल तर नसेल, दाखवून तर आणू. 'दाखवून आणायला ती काय बिघडलेला रेडिओ आहे?' मग मी वादच घातला नाही. रोज संध्याकाळी दिवा मालवायची आणि फोटो काढायची — बाळा इकडे बघ, आता बाबांकडे बघ, आता खिडकीकडे. ती खिदळायची, तिला वाटायचं खेळ आहे. एकाच बाजूने दिसायचं ते, बाकी कुठूनच नाही. शेवटी सासूबाईंच्या हातात मोबाइल दिला, त्यांचा अंगठा धरला आणि मीच फिरवला. पुढे, मागे. त्या काही बोलल्या नाहीत. एरवी त्यांचं तोंड झोपेतही बंद नसतं. चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला, आणि स्वतःच दांडी मागे — बघा, मी दांडी म्हणतेय — अंगठा मागे घेतला. मग उठल्या, पोरीचे बूट घेऊन आल्या आणि म्हणाल्या, 'चल. आत्ताच.' एवढंच. बूट उलटे घातले त्यांनी तिला, इथे येईपर्यंत कुणाच्या लक्षात आलं नाही.

डॉक्टरीणबाई चांगल्या आहेत. म्हणाल्या, बरं झालं आणलंत, जिवाला धोका व्हायच्या आधी आलात. पण मी विचारलं — विचारायला नको होतं — की ही गाठ कधीपासून असेल? म्हणाल्या, कदाचित जन्मापासून. म्हणजे बघा ना. नाकाला नाक लावून मी तिला 'कोण गं तू, कोण गं तू' करायची, तेव्हा ती गाठ तिथे होती. रडून रडून डोळे सुजले की फुंकर घालायची, तेव्हाही होती. एवढ्या जवळ तोंड नेऊन मी हसत होते, आणि ती आतून — आणि पोरगी रोज झोपताना विचारायची, आई, कोळसा आपल्याकडे येईल का गं? मी नव्हतं हो घाबरवलं तिला, पोपटाचं तिने एकदा ऐकलं होतं, तेव्हापासून धास्ती. मी पोपटाचंच उत्तर द्यायची, घाबरू नको, त्याची वाट ठरलेली आहे, तो आपल्या वाटेत येत नाही. आणि खरंच नाही येत हो, मोठ्या लोकांनी गणित करून ठेवलंय. आज आत नेताना वर तो मोठा गोल दिवा दिसला तिला. माझं बोट घट्ट धरलं आणि म्हणाली, आई, इथे येतो का कोळसा? मी म्हटलं, नाही येत. दुसरं काय म्हणणार होते मी? मग भुलीने तिची मूठ सैल पडली आणि त्यांनी मला बाहेर यायला सांगितलं.

काय? पिशवीत ना — बाटली आहे ती. हो, ह्याचीच. हो... पितो बाटलीने. पकडलंत तुम्ही मला. राहिला असता हो तो घरी, सासूबाईंकडे मजेत राहतो, माझी आठवणही काढत नाही लबाड. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलं, भावालाही घेऊन या. एका घरात दोघांना असू शकतं म्हणाल्या, असेलच असं नाही, पण बघून घेऊ. हे मी कुणालाच सांगितलं नाहीये. सासूबाईंना नाही, ह्यांना तर नाहीच. हे खाली गाडी लावायला गेलेत, कधीचे — गाडी कसली लावतायत, जिन्याखाली उभे राहून रडतात. वर येतात तेव्हा तोंड धुतलेलं असतं, आणि मी म्हणते, किती उकडतंय ना?

काल संध्याकाळी मी ह्याचे फोटो काढले. दिवा मालवून. लागोपाठ. आणि बघितले नाहीत, मोबाइल पालथा घालून ठेवला. अजून बघितलेले नाहीत. कारण मला दिसणारच, काकू — असलं तरी दिसेल आणि नसलं तरी दिसेल, माझा माझ्या डोळ्यांवर भरवसाच राहिला नाही. तुम्ही बघता? तुमची नजर चांगली आहे, मघाशी त्या टोकाची पाटी इथून वाचलीत. दोनच आहेत. हा घ्या, असं, अंगठ्याने, पुढे आणि मागे. मी तिकडे बघते, दरवाजाकडे. काही नसलं तर लगेच सांगा, मोठ्याने सांगा, त्या पोरांसारखं ओरडलात तरी चालेल, इथले लोक बघतील तर बघू देत —

बघताय ना?

छान आहे ना हो फोटो? जीभ बाहेर काढलीय त्यात, मला आठवतंय, काढताना —

काकू, अंगठा मागे का घेतलात?

नको. काही बोलू नका. द्या इकडे. — हो सिस्टर, मीच. हो, भाऊ तिचा, हाच. आले. — तुम्ही बसा काकू, उठू नका, काकांना बाहेर आणतील आता. ऊठ रे राजा. ऊठ. डोळे उघड.