देवाला दिलेला कोंबडा

नाही नाही, राकेशभाऊ, ती पिशवी उंबऱ्याच्या आत नको – तुम्ही या, बसा, सलाम – पण पिशवी तिथंच राहू द्या. आत कोण आहे ते मला दिसलंय. तुरा बाहेर आलाय ना. मी तिकडं बघणारच नाही. हे बघा, मान फिरवली.

तुम्ही कशाला आलात तेही मला ठाऊक आहे. परत करायला. गंगापूर रोडला फ्लॅट, चौथा मजला, बाल्कनीत कोंबडा – सोसायटीवाल्यांनी कागद पाठवला असेल, नाही का? बोलू नका, दम लागलाय तुम्हाला. मीच सांगतो. मला तो घेता येत नाही. सुगीच्या सणाला मी तो देवाला दिला, सगळ्या मंडळीसमोर. पाळकसाहेबांनी त्याच्यावर प्रार्थना केली – म्हणजे भोपळे, कांदे, केक, कुणीतरी आणलेला जुना मिक्सर आणि तो, सगळ्यांवर एकदमच – पण केली ना? मग त्या सगळ्या अर्पणांचा लिलाव झाला, त्यात तो तुमच्याकडं गेला. आता मी परत घेतला तर? बायबलातले हनन्या आणि सप्पीरा माहीत आहेत ना? सगळं दिलं म्हणाले आणि थोडं मागं ठेवलं – जागच्या जागी मेले, दोघं नवराबायको. मी शाळेची पायरी चढलो नाही, पण ही गोष्ट मला पाठ आहे.

दिला कशाला, म्हणता? आता काय सांगू. नवे पाळकसाहेब वेदीवरून म्हणाले, जे सगळ्यात प्रिय आहे ते आणा. मैना – आमची बायको – घरी येताना म्हणाली, मग मलाच घेऊन चला वेदीपाशी. मी हसलो, आणि माझी नजर गेली शमुवेलाकडं. शमुवेल म्हणजे हाच, पिशवीतला. लहान असल्यापासून हाक मारली की ओ देतो, झोपेतून उठून देतो, बायबलातल्या त्या पोरानं रात्री देवाला दिली तशी, म्हणून शमुवेल. मैनानं ती नजर बघितली, भाऊ. चार दिवस बोलली नाही माझ्याशी.

पाळकसाहेब चांगले आहेत हो. पोटतिडकीनं बोलतात. पण ते ढोल – ड्रम का काय – त्याची मला धडकी भरते. आमच्या वेळी मंडळी उभी राहायची, पुस्तक धरायची, गायची, बसायची. देवाला ऐकू येतं की. आता भिंतीवर अक्षरं सरकतात, टाळ्या वाजतात, पोरी डोक्यावर पदर घेत नाहीत, ओढणी घेत नाहीत. एकीनं परवा मोबाइलात स्तोत्र वाचायला घेतलं – 'परमेश्वर माझा मेंढपाळ' – आणि मध्येच गॅस सिलिंडरवाल्याचा फोन आला. मी कुणाला बोलत नाही. मी म्हातारा माणूस, मागच्या बाकावर बसतो. पण देवाच्या घरात जरा गंभीरपण पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. आणि ते हात वर करणं! त्यानंच घात केला तुमचा. आता लपवू नका – तुम्ही बोली लावलीच नव्हती. तिकडं गाणं चाललं होतं, तुम्ही डोळे मिटून, हात वर करून, हालेलुया – आणि इकडं पंचांनी हातोडा आपटला, राकेशभाऊंना कोंबडा! मी बघत होतो सगळं. तोंडाशी आलं होतं माझ्या, अहो, त्यांचा हात देवाला आहे, कोंबड्याला नाही. पण उपासनेत मध्येच बोलायचं नसतं ना. म्हणून गप्प बसलो. तुम्हीपण गप्पच बसलात. डोळे उघडले तेव्हा कोंबडा मांडीवर. सुटाबुटात होतात.

तर सोसायटीचं मी ऐकून आहे. पहाटे आरवतो, एकदा नाही, दहा-दहा वेळा. मूळचा तसा नाही हो तो. एकदा आरवायचा आणि गप्प. तो स्वतःहून नाही आरवत – म्हणजे आरवतो, पण कुणी विचारलं तर. आता कोण विचारतं… भाऊ, पाणी घ्या. घ्या ना. बरं, सांगून टाकतो, नाहीतरी उद्या नाताळ, मनात ठेवून प्रभुभोजन कसं घेऊ? मी विचारतो. शरणपूरवरून चालत येतो, साडेपाचला, तुमच्या कंपाउंडच्या भिंतीपाशी उभा राहतो आणि – आरवतो. हळू. मग तो वरून ओ देतो. मग मला राहवत नाही, मी परत. मग तो. एवढंच. हसू नका. देवळात टाळी वाजवत नाही मी सत्तर वर्षं, आणि तुमच्या बिल्डिंगखाली मान वर करून कुकूचकू करतो. मला कळतं हो ते.

आणि त्यात पाप झालं. तुमचा वॉचमन, काळू, त्यानं पकडलं. बाबा, वरच्या कोंबड्याचे तुम्ही कोण? म्हणलं, कोणी नाही. दुसऱ्या दिवशी परत – तुमच्याच वाडीतला ना तो? म्हणलं, नाही रे. तिसऱ्या दिवशी बॅटरी मारली तोंडावर. म्हणलं, बाबा रे, मी त्याला ओळखत नाही! आणि लगेच वरून कोंबडा आरवला. राकेशभाऊ, मी तिथंच फुटपाथवर बसलो. येशूला तीनदा नाकारलं आणि कोंबडा आरवला, तेव्हा पेत्राचं काय झालं असेल ते त्या दिवशी कळलं मला. काळूनं चहा पाजला.

म्हणून म्हणतो, न्या त्याला. मी येणार नाही आता. तो आठ दिवसांत विसरेल, मी काही विसरत नाही, ते जाऊ द्या. दिलं ते दिलं –

काय? तक्रार नाही? कुणाचीच? बरं… मग? उद्या पाहुणे, हां. पुण्याचे. हां, वाडीतल्या कोंबड्या मीच कापतो, खरं आहे, हात साफ आहे माझा. आता कुठली कापायची म्हणता?

…ह्याला?

थांबा. जरा थांबा, भाऊ. उठू नका.

अब्राहाम. अब्राहामानं पोराला दिलंच होतं की देवाला. मनापासून दिलं होतं, सुरी उचलली होती. आणि देवानंच म्हणलं ना, थांब? झुडपात एडका अडकलेला होता, तो त्याच्या बदली चालला. आणि पोराला घरी घेऊन आला अब्राहाम, मेला नाही जागच्या जागी. उलट देवानं आशीर्वाद दिला! बदली चालते, राकेशभाऊ. वचनात आहे. मी इतका वेळ चुकीचं पान धरून बसलो होतो.

तुम्ही हलू नका. आत ओट्यावर पातेलं आहे, मैनानं सकाळीच ब्रॉयलर आणून मसाला लावून ठेवलाय, दोन किलो, उद्यासाठी. हे घ्या. पातेल्यासकट घ्या, झाकण घट्ट आहे. तिला विचारायचं? ती देवळात फुलं लावायला गेलीय. आम्ही उद्या डाळ-भात खाऊ, करंज्या आहेत. तिला मी सांगीन – काय सांगायचं ते सुचेल मला. पिशवी द्या इकडं. द्या. अरे माझ्या राजा, पाय बांधले तुझे, ये, ये –

फाटक वाजलं. तीच आहे. राकेशभाऊ, पुढून नको, मागच्या दारानं. पातेलं पदराखाली – तुम्हाला पदर कुठला, कोटाखाली घ्या. आणि पळू नका, मसाला सांडेल. जा!