आपण म्हणजे कोण?

नाई, पण मी म्हणतो, माणसाले माणूस भेटला तं 'कोन्तं गाव तुमचं?' असं सरळ इचारता येत नाई काय? अर्धंच कायले इचारता? 'आपण...?' म्हणते, हात पुढं करते, भुवया वर करते अन् उभं राह्यते! अरे, आपण काय? आपण बसू? आपण जाऊ? आपण नाचू? वाक्य तं पुरं करा ना, राजेहो!

तुमाले सांगतो, माई पोरगी रेणू वाशीमले बियाण्याच्या कंपनीत हाये. यंदा अधिकारी झाली. तं कंपनीनं हॉटेलात दुपारची पार्टी ठेवली, घरच्या एका माणसाले घेऊन या म्हणे. तिची माय म्हणे, तुमीच जा, मले उभ्यानं जेवता येत नाई. अन् मले तं जाचंच होतं, लपवाचं काय त्यात? आठ दिवस म्हशीसमोर उभा राहून पाठ केलं मी... कोनी इचारलं की छाती काढून म्हणाचं, 'मी रेणूचा बाप.' बस. येवढ्यासाठी इस्त्रीचा सदरा, येवढ्यासाठी चावणारे बूट.

दारातच एका पोरीनं छातीवर कागद चिकटवला. सगळ्यायच्या कागदावर नाव, अन् माया कागदावर काय? 'रेणू + १'! जन्म देला मी, अन् अधिक एकही मीच! पण पार्टी पोरीची हाये म्हणून राग गिळला.

अंदर गेलो तं एक टकला कोटवाला आला, पुण्याचा असन. 'आपण...?' मले वाटलं, कुठीतरी जाऊ म्हणते. म्हटलं, 'चाला.' निंगालो. त्याले वाटलं मी त्याले काई दाखवून राह्यलो, मले वाटलं तो मले नेऊन राह्यला... दोघंही थेट संडासाच्या दारात! तथी आमी एकमेकाच्या तोंडाकडे पाह्यलं, अन् तो दार उघडून म्हणे, 'आपण आधी.' आता दोघं एका वक्ती कसे जाऊ? काहून असं बोलता, बाप्पा?

मंग एक बाई आली, हातात सरबत. 'आपण कोणत्या डिपार्टमेंटला?' म्हटलं, बाई, तुमचं मले काय मायीत, मी तं तुरीत असतो. तं ती 'हो का, हो का' करत दुसऱ्याच कोनाकडे पाहून हसली अन् गेली. एकानं तं वाकून माया कागद वाचला, १ पाह्यला, अन् बाजूवाल्याचा हात हातात घेतला! दोन घंटे गर्दीत उभा मी, अन् सोबतीले कोण, तं कुंडीतलं प्लास्टिकचं झाड. रेणूचा बाप तोंडातल्या तोंडात राह्यला. बलावता कायले मंग, मी म्हणतो!

शेवटी रेणूच आली, मोठ्या साहेबाले घेऊन. 'सर, हे माझे बाबा.' घ्या! आठ दिवस पाठ केलेलं तिनंच म्हणून टाकलं. आता मले बोलाले उरलं काय? साहेब हात मिळवून म्हणे, 'वा वा! आपण जेवण घेतलं?'

तुमीच सांगा, काय म्हणावं मी? म्हटलं, 'मी घेतलं साहेब. तुमचं तुमाले मायीत.'

साहेब हसला. बाजूचे चार लोक हसले. एक तं सरबत सांडेपर्यंत हसला. रेणू नाई हसली.

येतानी एस्टीत ती खिडकीजवळ, मी बाजूले. आमचं गाव रिठद याले आलं. ही पोट्टी जन्मापासून मले 'बाबा, तू' म्हणते, अजूनही माया ताटातली भाकर तोडते... अन् तोंड उघडलं तं पार्टीतल्या भाषेत! म्हणे, 'बाबा, पुढच्या वेळी आपण घरीच थांबायचं.'

माया जीव भांड्यात पडला. म्हटलं, चाला, पोरीलेही ते लोक पटले नाईत. म्हटलं, 'हो माय, दोघंही घरीच थांबू. तुया मायच्या हातचं बेसन खाऊ, खाली बसून.'

तिनं खिडकीबाहेरच पाह्यलं. म्हणे, 'मी नाही, बाबा... आपण.'

मी म्हटलं, बरं.